ताई, तू संडास बांधायचीस

ताई, तू गेल्यापासून जो कोणी भेटायला येतो तो तुझ्या छतांबद्दल बोलतो. शोभाबेननं आमच्या हॉलला पीओपीचं असं छत करून दिलं की लग्नाला आलेले व्याही माना वर करूनच बसले. शोभाबेननं झोपाळ्याच्या पितळी साखळ्या कुठून कुठून शोधून आणल्या. रंगांची काय नजर होती शोभाबेनची! मी मान हलवते, पाणी देते.

परवा शोकसभेत तुझ्या आयटीआयच्या सरांनी दोन शब्द बोलायला मला उभं केलं. डिंडोलीतले शेजारी, तुझे सुतार, फरशीवाले, ऑफिसातल्या मुली, सगळे सतरंजीवर बसले होते. मी म्हणाले, "ताईला लोकांची घरं सजवायला फार आवडायचं." आणि खाली बसले. तू तिथे असतीस तर मागून ओरडली असतीस, "निमे, खोटं बोलू नकोस." पण मला तो शब्द उच्चारता आला नाही. तू तो कुठेही उच्चारायचीस. शेठ लोकांच्या हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर, जेवणाच्या ताटावर. दर वेळी मला वाटायचं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. आता तू नाहीस, तरी ती लाज काही गेली नाही. फक्त ती नक्की कशाची आहे, हे आता मला सांगता येत नाही.

आपल्या लहानपणी माय सकाळी कामाला निघताना पाणी पीत नसे. आप्पा लूमच्या कारखान्यात आणि माय 'अठव्याकडे'. म्हणजे अठवा लाईन्सच्या बाजूला ज्या नव्या उंच इमारती होत होत्या, तिथे धुणंभांडी आणि लादी. संध्याकाळी परत आली की हातातली पिशवी ओट्यावर टाकायची आणि तशीच आपल्या ओळीच्या टोकाला असलेल्या संडासाकडे धावायची. तिथे रांग असली की पदर तोंडाशी धरून, पाय आवळून उभी राहायची. आपण दोघी दारात उभ्या राहून हसायचो. "माय पळाली, माय पळाली!" ती का पळते, हे आपल्याला कधी सुचलं नाही. ज्या घरांत ती दिवसभर राबायची तिथे दोन-दोन, तीन-तीन बाथरूम होते. गुलाबी टाइल्सचे, आरशांचे. ते सगळे घासायची तीच.

तू ड्राफ्ट्समनचा कोर्स केलास तेव्हा गल्लीत कोणाला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आप्पा सांगायचे, "आमची शोभी नकाशे काढते," आणि लोकांना वाटायचं तलाठ्याच्या ऑफिसात लागली. मग नानपुऱ्यातल्या एका आर्किटेक्टकडे तू ट्रेसिंग करायला लागलीस. तिथून हळूहळू लोक तुलाच फ्लॅटची आतली कामं द्यायला लागले. ते दिवसच तसे होते. सुरतेत हिऱ्यात आणि कापडात पैसा येत होता, जुन्या शहरातल्या अरुंद घरांतून माणसं नदीकडच्या फ्लॅटांत जात होती, आणि जो तो नव्या घरात सगळं नवं मागत होता. ग्रॅनाइटचा ओटा, सरकत्या खिडक्या, आरसे लावलेले खांब, द्राक्षांच्या घडांची नक्षी. तू म्हणायचीस, "द्राक्षं काढून काढून माझे दात आंबले." मी बी.कॉम. होऊन तुझ्या ऑफिसात हिशोब आणि फोन सांभाळायला बसले. तू बोलायचीस आणि मी मागून सारवासारव करायचे. तेच माझं खरं काम होतं.

किरीटभाई आणि जागृतिबेन यांचा पाचव्या माळ्यावरचा फ्लॅट हे तुझं स्वतःच्या नावानं मिळालेलं पहिलं मोठं काम. पहिल्या दिवशी तू माझी क्रीम रंगाची साडी नेसून गेलीस. संध्याकाळी आलीस ती जेवलीच नाहीस. मला गच्चीवर ओढून नेलंस आणि पाण्याच्या टाकीला टेकून सगळं सांगितलंस.

तू, किरीटभाई आणि जागृतिबेन खाली लिफ्टची वाट बघत उभे होता. काखेत नकाशांची गुंडाळी. तेवढ्यात माय आली. तिनं त्याच महिन्यात दुसऱ्या माळ्यावर नवं काम धरलं होतं. आपल्याला ती फक्त 'अठव्याकडे' एवढंच सांगायची, त्यामुळे इमारत तीच आहे हे तुला ठाऊक नव्हतं. तिच्या हातात ओलं पोतेरं आणि बादली. ती लिफ्टशी येताच वॉचमन म्हणाला, "ओ बाई, सीढी से जाओ. साहब लोग खड़े हैं." मायनं तुझ्याकडे बघितलं. तू तिच्याकडे बघितलंस. आणि मग तू घड्याळाकडे बघितलंस.

"घड्याळाकडे, निमे," तू म्हणत होतीस. "जसं काही मला उशीर होत होता. लिफ्ट आली, मी आत गेले. जाळीच्या दारातून मला दिसत होती ती, जिना चढताना. बादली घेऊन."

मी म्हणाले, "मायला सांग ना. ती समजून घेईल."

"काय सांगू? तुला ओळखलं नाही म्हणून सांगू?" तू म्हणालीस. "आणि तूही काही बोलायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. माय खाली भाकरी थापत होती. तिनं हाक मारली, जेवायला या. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीच नाही, तिनं त्या लिफ्टचं नाव काढलं नाही. आपण दोघींनी त्याचा अर्थ एकच लावला. ती दुखावली आहे, आणि बोलत नाही म्हणजे फारच दुखावली आहे. तू साइटवर जायच्या वेळा बदलल्यास, माय तिथलं काम उरकून निघाल्यावर दुपारी उशिरा जायला लागलीस. एकाच इमारतीत तुम्ही दोघी इतके महिने काम करत होता आणि पुन्हा कधी समोरासमोर आला नाहीत.

मग प्लेगचं साल आलं. किरीटभाईंच्या फ्लॅटचं काम अर्ध्यात होतं, सुतार रातोरात राजस्थानला पळाले. आपणही गावी जायला निघालो होतो, पण स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून बोचकी घेऊन परत आलो. नदीकडच्या इमारती रिकाम्या झाल्या. दुसऱ्या माळ्यावरच्या कुटुंबानं तुळशीला पाणी घालायला मायकडे किल्ली दिली आणि ते काठियावाडात गेले. तोंडाला फडकं बांधून माय रोज जायची.

एक दिवस जेवताना ती स्वतःहून हसत सांगायला लागली. त्या रिकाम्या घरात तिला पोटात कळ आली. घरी पोचणं शक्य नव्हतं. मग तिनं त्यांचा बाथरूम वापरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मंग काय," माय म्हणाली, "माले अशी धडकी भरनी! घर रिकामं, तरी वाटे कोणी बघी रायनं. मंग अॅसिड टाकीसन दोनदा घासं सगळं. फरशी, भिंती, नळ. वास राहिला तर वळखतीन ना!" आणि पदरानं डोळे पुसत हसली. आप्पाही हसले. मीही हसले, ताई.

तू ताट सरकवून उठलीस.

दुसऱ्या दिवशी तू पाचव्या माळ्याचा नकाशा काढून बसलीस. स्वयंपाकघरामागे भांडी घासायची चोकडी होती, तिच्या शेजारी तू एक छोटा चौकोन काढलास, त्याला बाहेरच्या पॅसेजमधून दार ठेवलंस आणि आत नीट अक्षरांत लिहिलंस, 'कामवाळी बेन माटे टॉयलेट', कामवाल्या बाईसाठी संडास.

शहर पुन्हा भरलं आणि जागृतिबेन परत आल्या तेव्हा त्यांनी तो चौकोन बघितला. मी तिथेच होते. "आ शुं मुक्युं छे, शोभाबेन?" हे काय ठेवलंय, असं त्यांनी विचारलं. तू सांगितलंस. त्या हसल्या. "ए तो घरे जईने करे ने!" ती घरी जाऊन करेल की.

तेव्हा त्यांना सातवा महिना होता. तू विचारलंस, "बेन, तुम्हाला सध्या किती वेळा जावं लागतं?"

मी टाचणीनं टोचल्यासारखी उठले. पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. आतून ऐकू येत होतं. तू म्हणत होतीस, "तुमच्याकडे लादी पुसायला येते ती मंगूपण पोटुशी आहे. तिचंही घर लांब आहे." मग जागृतिबेनचा आवाज आला, "किरीटने ना केता." किरीटला सांगू नका. आणि तो चौकोन राहिला.

त्यानंतर तू ऐकेनाशीच झालीस. प्रत्येक फ्लॅटमध्ये तो चौकोन. काही लोक म्हणाले, करा, पण नकाशात 'स्टोअर' लिहा. तू म्हणालीस, "लिहायचं तेच लिहीन." ती कामं गेली. रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या दुकानाचं काम आलं. मालकाला गाद्या काढून काचेचे काउंटर हवे होते, मुली सेल्समन ठेवायच्या होत्या, नवी फॅशन. तू विचारलंस, मुली दिवसभर कुठे जाणार? तो म्हणाला, तेवढ्या जागेत दोनशे साड्या राहतात. तरी तू पोटमाळ्याच्या जिन्याखाली जागा काढलीस. उद्घाटनानंतर आपण पेढे घेऊन गेलो तर त्या दाराला कुलूप. किल्ली मॅनेजरच्या खिशात. मुलींनी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्याच्याकडे मागायची. कोणी मागत नव्हतं.

तू काउंटरवर पेढ्यांचा बॉक्स ठेवलास आणि बाहेर काम करणाऱ्या सुताराकडून पक्कड आणून कोयंडा उचकटायला लागलीस. दुकानात नवरीची साडी घ्यायला मोठं कुटुंब बसलं होतं. मालक म्हणाला, "बेन, आ शुं तमाशो छे?" मी तुझा हात धरून ओढत होते, "ताई, चल ना, लोक बघतायत." तू म्हणालीस, "बघू दे." त्या दुकानात आपल्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही. रिक्षात मी रडत होते आणि तू पेढा खात होतीस. मलाही दिलास.

आणि माझं ते स्थळ! जळगावची माणसं मला बघायला आली होती. मी खाली मान घालून पोह्यांच्या बश्या ठेवत होते. मुलाच्या काकांनी तुला सहज विचारलं, "आपण काय करता?" मी तुझ्याकडे विनवणीच्या नजरेनं बघितलं. मला माहीत होतं, तू बघितलंस. आणि म्हणालीस, "मी संडास बांधते."

काका म्हणाले, "कंत्राटदार आहात का?"

"नाही," तू म्हणालीस, "इंटिरियर डिझायनर."

ते स्थळ काही परत आलं नाही. त्या दिवशी आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही, ताई. मी म्हणाले, तुला त्या बायकांचं काही पडलेलं नाही. तू लिफ्टसमोर उभी राहून घड्याळाकडे बघितलंस, ते धुवायला तू सगळ्या सुरतेत संडास बांधत सुटली आहेस.

तू शांतपणे म्हणालीस, "हो. मग? कशासाठी का असेना, बांधतेय ना?"

मला इतकंच माहीत होतं की अर्ध्या घरांत तुझ्या त्या खोलीत लोणच्याच्या बरण्या आणि जुन्या गाद्या होत्या. तुलाही माहीत होतं. "ठेवू देत बरण्या," तू म्हणायचीस. "भांडं बसवलेलं आहे ना आत? बरण्या काय, उद्या निघतील."

तुला ताप आला तो साइटवरून आलीस तेव्हाच. मलेरिया डोक्यात गेला, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात तुला उठता येत नव्हतं. नर्सला यायला वेळ लागला आणि मायनं पलंगाखालचं भांडं काढलं. तू जोरजोरात मान हलवत होतीस. "माय, तू नको. निमाला बोलाव. तू नको करू."

"का बरं?" माय म्हणाली. "लोकांचं एवढं केलं, तुन्हं नही करू?"

तू तोंड भिंतीकडे फिरवलंस आणि रडायला लागलीस. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता. आता आत जावं आणि मायला म्हणावं, माय, ताई तुझी माफी मागतेय, इतकी वर्षं मागतेय. एवढंच तर सांगायचं होतं. किंवा त्याआधी, इतक्या वर्षांत, कधीही, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मी मायला विचारू शकत होते, तुला त्या दिवशी वाईट वाटलं का? तुझी शपथ होती, पण तेवढंच कारण नव्हतं. मला त्या विषयाचीच लाज वाटत होती. तू तिला ओळख दिली नाहीस त्याची, आपली माय बादली घेऊन जिना चढते त्याची, आपण तिघी एका घरात राहून त्याबद्दल बोलू शकत नाही त्याचीही. मी दारातच उभी राहिले. माय भांडं घेऊन माझ्या बाजूनं बाहेर गेली. दुसऱ्या दिवसानंतर तू कोणाला ओळखलं नाहीस.

आज दुपारी जागृतिबेन आल्या. डिंडोलीला पहिल्यांदाच. गल्लीत गाडी शिरेना म्हणून कोपऱ्यापासून चालत आल्या. तुझ्या फोटोला नमस्कार करून गादीवर बसल्या आणि मग त्यांचं लक्ष मायकडे गेलं. त्या बघतच राहिल्या.

"तमे तो बीजे माळे आवतां हतां ने?" तुम्ही तर दुसऱ्या माळ्यावर यायचात ना?

माय म्हणाली, "हा."

"शोभाबेन... तमारी दीकरी?" तुमची मुलगी?

"हा."

जागृतिबेनचं तोंड लाल झालं. मी पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा धागा ओढत होते. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं आपण एका जिन्यावर भेटत होतो, तुम्ही एकदाही सांगितलं नाही?

माय बोलायला लागली. तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत, पण मी तुला मराठीत सांगते. ती म्हणाली, कशी सांगू बाई, पोरीचं पहिलं काम होतं. पहिल्या दिवशी मी बादली घेऊन आली तर ती तुमच्याजवळ उभी, काखेत कागदं, अशी ताठ. मला बघून तिचं तोंड उघडलं, आता 'माय' म्हणून हाक मारते की काय! मी घाबरली. तुम्हाला कळलं की भांडेवालीची पोर आहे, तर तिचं काम जाईल. मी असे डोळे मोठे केले, बोलू नको, जा म्हणून. पोर हुशार. लगेच घड्याळात बघायला लागली. मला एवढं बरं वाटलं! लिफ्ट तिला घेऊन वर गेली आणि मी जिन्यानं चढली. मला बादलीचं वजनच लागलं नाही.

जागृतिबेन रडायला लागल्या. मायनं त्यांना पाणी दिलं. जाताना दारात त्यांनी मला हळूच सांगितलं की ती चोकडीजवळची खोली अजून तशीच आहे, मंगू वापरते. मग थांबून म्हणाल्या, "पहेला थोडा वखत अमे पण ताळुं मारतां हतां." आधी काही दिवस आम्हीही कुलूप लावत होतो. हे त्यांना सांगायची काही गरज नव्हती. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले.

आत आले तर माय तिथेच बसली होती, तुझ्या फोटोकडे न बघता. मला म्हणाली, "निमा, त्या दिनचं तिले काही वाईट वाटनं व्हतं का? तुले कधी बोलनी का?"

गच्चीवरची तू माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिलीस. आणि मी म्हणाले, "नाही माय. ती कधी काही बोलली नाही."

"मंग बरं," माय म्हणाली, आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तू गेल्यापासून आज पहिल्यांदा तिला झोप लागली आहे. मी तिच्याशेजारी बसून तुला हे लिहिते आहे. तिला उठवावं आणि खरं सांगावं, की असंच राहू द्यावं, मला कळत नाही, ताई. असं काही कळेनासं झालं की मी तुला विचारायचे.